पिवळा दिवा आणि एक दशांश ओहम (नोंद सहावी)

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की नवी बॅटरी बसवली आणि ऑल-व्हील ड्राइव्हचा पिवळा दिवा गेला. ते वाक्य मागे घेतो. दिवा गेला होता कारण मी स्कॅनरने गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड पुसले होते आणि नंतर चार दिवस उघडीप होती. पाचव्या दिवशी आमच्या गोव्यात साखळीहून डिचोलीला येताना पावसाने गाठलं, बाजारात गाडी रांगेत अडकली, आणि दिवा परत हजर.

कोड तेच दोन. ‘यू ०११४’, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हच्या क्लच मॉड्यूलशी (क्लच चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीशी) संपर्क तुटला. आणि त्या मॉड्यूलचा स्वतःचा ‘यू ३००३-१६’, म्हणजे मला मिळणारं व्होल्टेज मर्यादेखाली गेलं. पहिला कोड वाचून मी महिनाभर संपर्काच्या मागे धावलो. खरं तर दुसराच कोड सरळ सांगत होता, पण ‘व्होल्टेज कमी’ दिसलं की आपला हात आपोआप बॅटरीकडे जातो.

गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. रचना सगळ्यांना माहीत असलेलीच आहे: एरवी पुढची चाकं ओढतात, मागच्या डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडाशी क्लचच्या चकत्यांचं कपलिंग, त्यात विजेची कॉइल. मॉड्यूल कॉइलला जितका करंट देईल तितक्या चकत्या आवळतात आणि तितकी ताकद मागे जाते. गाडी जुनी घेतलेली. आधीचा मालक चोडणचा, म्हणजे रायबंदरची फेरीबोट रोजची. भरतीच्या वेळी धक्क्यावरून चढता-उतरताना चाकांना खारं पाणी लागणारच. हे घेताना लक्षात यायला हवं होतं, पण तेव्हा मी सीट कव्हर बघत होतो.

कशाकशावरचा संशय बाद झाला ते भराभर सांगतो. चारही टायर एकाच मापाचे, झीजही जवळपास सारखी. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट. इंजिन चालू, बाकी सगळं बंद असताना १४.२. बॅटरीची निगेटिव्ह काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६०.४ ओहम, म्हणजे कॅनच्या (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या तारांच्या जोडीच्या) दोन्ही टोकांचे समांतर जोडलेले १२० ओहमचे रेझिस्टर शाबूत. कॉइल २.७ ओहम. मागचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) संशयाने बदलला, ते पैसे पाण्यात.

आता माझी चूक. मॉड्यूलची अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो ती वाट) मी आधीच तपासली होती. मीटर ओहमवर ठेवला, एक टोक मॉड्यूलच्या अर्थ पिनला, दुसरं बॉडीला. आकडा ०.३. ‘अर्थ ठीक’ असं वहीत लिहून बरोबरची खूणही केली. परवा सहज मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या, तर तिथेही ०.३. म्हणजे मी माझ्या मीटरच्या तारा मोजून समाधान मानलं होतं. आपल्या साध्या मीटरला एक दशांश ओहम दिसतच नाही, आणि माझा सगळा घोळ नेमका तेवढ्याचाच होता.

डिचोलीतले आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन, ज्यांना सगळे मेस्त म्हणतात, ते पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते: “पयलीं अर्थ पळय मरे, मागीर बाकीचें.” (आधी अर्थ बघ रे, मग बाकीचं.) मी त्यांना वहीतली खूण दाखवली होती. ते काही बोलले नाहीत, बिडी पेटवली.

रविवारी नीट बसलो. पाऊस कोसळत होता, गाडी पडवीला लावून पत्र्याखाली घेतली. इंजिन चालू, ऑल-व्हील ड्राइव्हच्या लॉकचं बटण दाबलेलं, म्हणजे कॉइलला करंट जातोय. मीटर डीसी व्होल्टवर. चार मीटर लांबीची वायर जोडून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला (क्लॅम्पला नव्हे, खुद्द खांबाला), दुसरं मॉड्यूलच्या अर्थ पिनला, कपलरच्या मागून शिवणाची सुई सरकवून. वायरचं रबर टोचू नका. आपल्याकडच्या हवेत त्या भोकातून ओल शिरते आणि दोन वर्षांनी तांबं आतल्या आत काळं पडतं. सीटखालच्या पिवळ्या कपलरांना तर हातच लावू नका, ते एअरबॅगचे.

आकडा आला ०.५. अर्थच्या बाजूला ०.१, फार तर ०.२ चालतो, म्हणजे चोर घरातच होता. पण अर्ध्या व्होल्टने मॉड्यूल मान टाकणार नाही. हेडलाइट लावले, ०.५. वायपर, ०.५. एसी, तरी ०.५. बायको पुढच्या सीटवर बसून बटणं दाबत होती. तिला कंटाळा आला होता आणि काचा धुरकटल्या होत्या, म्हणून तिने मला न विचारताच मागच्या काचेचा डिफॉगर (काच तापवून धुकं घालवणाऱ्या तारा) लावला. मीटर उडी मारून १.९ वर.

मी ओरडलो, “परत दाब!” बंद, ०.५. चालू, १.९.

महिनाभर मी म्हणत होतो की पावसात पाणी शिरतं म्हणून दिवा लागतो. पाणी कुठेच शिरत नव्हतं. पावसात मी डिफॉगर लावतो, आणि डिफॉगर व मॉड्यूल एकाच अर्थच्या बोल्टाखाली होते.

गणित करून बघा. डिफॉगर साधारण १३ अँपिअर, कॉइल चार, मागचे दिवे एक-दीड; म्हणजे बोल्टातून १८ अँपिअर जातायत आणि १.९ व्होल्ट पडतायत. भागाकार केला की ०.१ ओहम. त्या वेळी स्कॅनरवर मॉड्यूलचा स्वतःचा व्होल्टेजचा आकडा १०.६ होता, आणि आयडलवर सगळा भार असताना बॅटरीच्या खांबांवर १३.१. अडीच व्होल्ट वाटेत सांडत होते. १.९ अर्थवर, उरलेले ०.६ सप्लायच्या बाजूला.

डिकीच्या डाव्या बाजूचं प्लास्टिक काढलं. चाकाच्या कमानीवर एक बोल्ट, त्याखाली दोन थिंबल (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या), चार काळ्या वायरी. चिंच न लावता माळ्यावर टाकलेल्या तांब्याच्या घागरीवर चढतो तसा हिरवा कळक. शेजारचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. १.९ गुणिले १८ म्हणजे ३४ वॅट. माझ्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता त्या एका बोल्टात महिनोन्महिने मुरत होती. मॉड्यूलने तक्रार केली हे नशीब.

दुरुस्तीला तास लागला. बॅटरीची निगेटिव्ह काढली. वायरी हिरवा भाग संपून लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापल्या, नवे थिंबल क्रिम्प केले, वर श्रिंक स्लीव्ह. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, आवळला, आणि आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग आवळणारे बरेच भेटतात, मला ते पटत नाही. सप्लायच्या बाजूला फ्यूजची पकड ढिली होती, ती बदलली. आता सगळं चालू ठेवून अर्थवर ०.०६, सप्लायला ०.२.

मेस्तांना आकडे दाखवले. ते हसले आणि चहा सांगितला. पैसे घेतले नाहीत, पण त्या सुईची गोष्ट आता अख्ख्या डिचोलीला माहीत आहे.

गणपतीच्या चवथीआधी सत्तरी तालुक्यात गावी जाऊन आलो. केरीपुढे चोर्ल्याचा घाट धुक्यात, डिफॉगर सतत चालू. नंतर परतून घराकडची जांभ्याची चढण. गेल्या वर्षी तिथे पुढची चाकं लाल चिखल उडवत जागीच फिरली होती आणि माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान डोक्यावरून न्यावं लागलं होतं. यंदा मागून हलकासा ढकलल्यासारखा धक्का बसला आणि गाडी चढली. दोनशे किलोमीटर झाले, कोड शून्य.

एक काम उरलंय. गाडी कुलूप लावून चाळीस मिनिटं झोपू दिली, तरी बॅटरीतून ९० मिलिअँपिअर जातायत. पन्नासच्या आत हवेत. दिवसाला दोन अँपिअर-अवर म्हणजे दहा दिवस उभी राहिली तर ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा गेला. फ्यूज उपटले की मॉड्यूल जागे होतात, म्हणून ते जागच्या जागी ठेवून प्रत्येकाच्या डोक्यावर मिलिव्होल्ट मोजणार आहे, म्हणजे करंट कुठून जातोय ते कळेल. पहिला संशय डॅशकॅमवर, जो मीच बसवलाय.