आमची वाटचाल : जळगावातलं कानाच्या मशीनचं दुकान

2003 च्या पावसाळ्यात आमच्या दारात रोज एक तरी माणूस भांडायला यायचा. हातात मशीन असायचं, पण ते आम्ही विकलेलं नसायचं. तरी शिव्या आम्हीच खायच्या, कारण विकणारा गाडी घेऊन निघून गेलेला आणि जळगावात कानाच्या मशीनची पाटी आमची दिसायची. त्या वर्षाबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. आता दुकान मुलीच्या हाती देतोय, तेव्हा लिहून ठेवतो.

मी मूळचा रेडिओ-टेप दुरुस्तीवाला. 1993 साली एका शिक्षकांनी खिशातलं पॉकेट मशीन आणून दिलं. वायर पिनेजवळ तुटली होती, पॉकेट मशीनची वायर तिथेच तुटते. पाच मिनिटांत टाका मारून दिला. ते तिथेच काउंटरला धरून उभे राहिले आणि बाहेरच्या रिक्षाचा आवाज ऐकत राहिले. पुढच्या महिन्यात त्यांनी ओळखीतली चार मशीनं दुरुस्तीला आणली. दुकानाचा रस्ता तिथून वळला.

खरं दुकान झालं ते ताई आल्यावर. बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकून आलेल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्या तज्ज्ञ. सासर इकडचं म्हणून जळगावात आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "भाऊ, तपासणी केल्याशिवाय एकही मशीन विकायचं नाही. मान्य असेल तर मी भागीदार." मी मान्य केलं. मागच्या गोदामात आम्ही तपासणीची खोली बांधली. दुहेरी भिंत, मध्ये ग्लासवूल, जाड दरवाजा, रबरी पट्ट्या. आत पंखा लावून चालत नाही, त्याच्या घरघरीत खालच्या पट्टीचे, म्हणजे जाड, आवाज बुडतात. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या वर जातो, त्या दिवसांत त्या खोलीत बसून 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, दोन्ही कानांना किती ऐकू येतं त्याचा आलेख काढायचा म्हणजे काय, ते तपासणारा आणि तपासून घेणारा दोघंच जाणतात. ताई दर दोन माणसांमागे दरवाजा उघडून माठातलं पाणी द्यायच्या.

आमचे नाना त्याच खोलीतून आले. अमळनेर तालुक्यातले, तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढलेली. त्यांचा आलेख खालच्या पट्टीत ठीक, आणि 2000 हर्ट्झच्या पुढे विहिरीत उतरावं तसा खाली. गोंगाटात आयुष्य गेलेल्या माणसाचा असाच असतो. नाना म्हणाले, "भाऊ, आवाज येस, पन शब्द समजत नही." या एका वाक्यात त्यांनी आलेख वाचून दाखवला. आ, ऊ, म हे खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ वर असतात, ते गळतात. मग 'साखर' आणि 'भाकर' सारखंच. अशा माणसाला नुसता आवाज वाढवून दिला तर त्याला गोंगाट जास्त मिळतो, शब्द मिळत नाही.

त्यांच्या कानाचा साचा मी घेतला. आधी ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याने, आत बघायचं, मळ असेल तर ईएनटी डॉक्टरांकडे पाठवायचं. मग दोरा बांधलेला स्पंज कानाच्या नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवायचा, म्हणजे साच्याचा मसाला पडद्यापर्यंत जात नाही. मग पिचकारीने मसाला भरायचा आणि घट्ट होईपर्यंत थांबायचं. माणसाला दोनतीनदा जबडा हलवायला सांगायचं, म्हणजे त्या साच्यावरून बनलेला कानातला तुकडा, मोल्ड, जेवताना निसटत नाही. नानांचा मोल्ड पुण्याहून बनून आला, ट्यूब घातली, मशीनच्या हुकाला लावला. त्या काळी मशीनच्या पोटात स्क्रू असायचे. बारीक पेचकसाने ताईंनी खालची पट्टी कापली, वरची उचलली. नानांनी स्वतःचा आवाज ऐकला आणि म्हणाले, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. मोल्डला आरपार बारीक भोक ठेवलं, तेव्हा रांजण गेला.

आठ दिवसांत नाना परत आले. म्हणाले, "भाऊ, हाई मशीन शिट्टी मारस." मी मोल्ड बघितला, कानात बघितलं, सगळं ठीक. मग बाहेर जाऊन बघितलं तर नानांनी उन्हासाठी डोक्याला आणि कानाला रुमाल बांधलेला. आपल्याकडे मार्च ते जून सगळेच बांधतात. कापड मशीनच्या माइकवर आलं की मोल्डमधून निसटलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, शिट्टी होते. वर घाम रुमालात अडकतो आणि थेट मशीनवर उतरतो. नानांनी रुमाल कानाच्या वरून बांधायला सुरुवात केली. गावातल्या पोरांनी चेष्टा केली, पण त्यांनी तसाच बांधला, आजही बांधतात.

आता 2003. एक गाडी आली, माइकवर घोषणा, 'कानाच्या मशीनचं शिबिर'. आठवड्याच्या बाजारात टेबल टाकायचे आणि आमच्या निम्म्याहून कमी किमतीत कानामागचं मशीन द्यायचे. तपासणी नाही, मोल्ड नाही, रबराच्या तयार टोप्या तीन मापांच्या, त्यातली बसेल ती. आवाज सगळ्यांना एकच, भरपूर. टेबलाशी बसलेल्या माणसाला तेवढ्यापुरतं मोठं ऐकू यायचं, घरचे खूश व्हायचे, पैसे मोजायचे. वर सांगायचे, जळगावच्या दुकानातही हाच माल आहे, एकाच कारखान्यातला, ते लुबाडतात. हे वाक्य मला आजही लागतं. नफा कमावला म्हणाले असते तर सोसलं असतं. ताईंनी त्या खोलीत घाम गाळून काढलेले आलेख यांनी एका वाक्यात फुकट ठरवले.

दोन महिन्यांत आमची नोंदणी झालेली माणसं येईनाशी झाली. अकरा जणांचे मोल्ड तयार होऊन आले होते, ते न्यायला कुणी फिरकलं नाही. चष्म्याची फ्रेम दुसऱ्याला विकता येते, मोल्ड येत नाही. तो ज्याचा त्याचाच. ते अकरा मोल्ड नावांच्या चिठ्ठ्यांसकट एका डब्यात घालून ठेवले, अजून आहेत. दुकानाचं भाडं थकलं. बायकोच्या पाटल्या सराफाकडे गेल्या. ताईंनी चार महिने एक पैसा उचलला नाही आणि घरी कुणाला कळू दिलं नाही.

मग शिबिरातली मशीनं बोलायला लागली. टोपी सैल, म्हणून दिवसभर शिट्टी. कुणाचं डोकं चढलं. कुणी सेल संपल्यावर नवा कुठे मिळतो ते माहीत नाही म्हणून मशीन कपाटात टाकलं. गाडीवाल्यांनी दिलेला फोन लागत नव्हता. लोक आमच्या दारी यायला लागले. मी एकेक मशीन उघडून बघितलं. आत साधा आवाज वाढवणारा भाग, पट्टी कमीजास्त करायची सोयच नाही. ज्यांचे खालच्या पट्टीचे कान चांगले होते त्यांच्या कानात रोज दणका. मी रागाने म्हणायचो, ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडे जा. ताईंनी मला आत बोलावून सांगितलं, "भाऊ, कान त्यांचा आहे. भांडण त्या गाडीवाल्याशी, कानाशी नाही."

त्यानंतर आम्ही शनिवार ठरवला. शनिवारी कुणाचंही मशीन आणा, कुठूनही घेतलेलं, साफ करून मिळेल, पैसे नाहीत. पहिल्या शनिवारी तिघं आले, तिघांना नाना घेऊन आले होते. अमळनेरहून भुसावळकडे येणाऱ्या पॅसेंजरने. गावच्या पारावर बसून त्यांनी स्वतःचं मशीन काढून दाखवलं होतं, सेल बदलून दाखवला होता, आणि सांगितलं होतं की कान तपासून घ्या, मग बोला. पुढचा शनिवार, पुन्हा दोघं. पोळा झाला, दिवाळी झाली, नाना येतच राहिले. एकदा मी तिकिटाचे पैसे द्यायला गेलो तर तीन आठवडे बोलले नाहीत. पाटल्या पुढच्या अक्षय्य तृतीयेला सोडवल्या.

नंतरची वर्षं बरी गेली. पेचकस जाऊन संगणक आला, मी पन्नाशीला माउस धरायला शिकलो. 2020 च्या टाळेबंदीत सेल दुधाच्या गाड्यांतून पाठवले. मास्कच्या दोऱ्या कानामागे अडकून बऱ्याच जणांची मशीनं रस्त्यात पडून हरवली, आणि समोरच्याचे ओठ दिसेनात म्हणून जे थोडं समजायचं तेही गेलं. ते दिवस वाईट होते, पण 2003 सारखं कुणी आम्हाला चोर म्हटलं नाही.

शनिवारच्या टेबलावर अजून तीच हत्यारं आहेत. रबरी फुगा, ऐकून बघायची स्टेथोस्कोपसारखी नळी, मोल्डच्या भोकात घालायची बारीक तार, आणि ट्यूबचं भेंडोळं. दहातली सहा 'मेलेली' मशीनं फुग्यानेच जिवंत होतात. उन्हातून एसीत गेलं की ट्यूबमध्ये पाण्याचा थेंब धरतो आणि आवाज तिथेच अडतो. मोल्ड हुकापासून सोडवून फुग्याने वारा मारला की थेंब बाहेर. धुवायचा तो फक्त मोल्ड, कोमट साबणाच्या पाण्यात, आणि मशीनला जोडण्यापूर्वी पूर्ण वाळवून. मशीन धुऊन आणणारे अजून भेटतात. ट्यूब पिवळी पडून कडक झाली की बदलायची, वाट बघायची नाही. कापताना माप चुकलं तर त्रास: लांब राहिली तर मशीन कानामागे लोंबतं, आखूड झाली तर मोल्ड वर ओढला जातो. मुलीच्या हातून अजून आखूड होते.

सेलबद्दल एकदा नीट ऐका. मागचा कागद सोलला की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो. सोलल्यावर मिनिटभर तसाच ठेवा, मग घाला. कागद परत चिकटवून तो थांबत नाही. एका आजोबांच्या मुलाने सोय म्हणून पत्त्यातल्या (सेलच्या पाकिटातल्या) सहाही सेलचे कागद एकदम सोलून दिले, महिन्याभरात सगळे संपले. केशरी कागद 13 नंबरच्या सेलचा, तपकिरी 312 चा, निळा 675 चा, रंग लक्षात ठेवला तरी दुकानदार फसवू शकत नाही. रात्री झोपताना सेलचं दार उघडं ठेवा, सेलही वाचतो आणि आतली ओल सुकते. मशीन डबीत ठेवा, डबीत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले. श्रावणात हे फार लवकर होतं. तांदळाच्या डब्यात मशीन पुरू नका, कोंडा माइकमध्ये जातो. कानात लसणाचं गरम तेल घालायची आपल्याकडे सवय आहे, ते तेल मोल्डची वाट बुजवतं आणि कानाचंही भलं करत नाही. सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर एक क्षण न थांबता दवाखान्यात.

अचानक एका दिवसात कान बंद झाला तर मशीनच्या दुकानात येऊ नका, आमच्याकडेसुद्धा नको. त्याच दिवशी ईएनटी डॉक्टरांकडे जा. तिथे दिवस मोजले जातात.

आणि मुलांनो, वडिलांना मशीन घेऊन दिलं की काम झालं असं समजू नका. पहिले काही दिवस घरातल्या शांत खोलीत थोडा थोडा वेळ लावा, रोज थोडं वाढवा. पहिल्याच दिवशी लग्नाच्या मांडवात नेऊन बसवलं की ते मशीन काढून खिशात घालतात आणि पुन्हा लावत नाहीत. समोर बसून बोला, ओरडू नका.

ताई आता आठवड्यातून दोन दिवस येतात, तपासणीच्या खोलीत अजूनही पंखा नाही. नाना ऐंशीच्या पुढे आहेत, चौथं मशीन चालू आहे, डिजिटल. मागच्या शनिवारी गाडी चुकली म्हणून त्यांचा नातू फोनवर होता. मागून नानांचा आवाज आला, माझा आवाज त्यांना फोनमधून पोचला होता, "आते येस, आते येस!" म्हणजे आता येतो. त्यांची ट्यूब कडक झाली आहे. 13 नंबरचे दोन पत्ते बाजूला काढून ठेवले आहेत, आणि या वेळी माप मुलीने घ्यायचं, मी नुसता बघणार.