बुडबुड्यात काय असतं?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत शिस्त आणि संस्कारांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी एका धड्याबद्दल लिहितो: पदार्थाच्या अवस्था.

हा धडा सहसा एका तासात उरकतो. तीन अवस्था, तीन आकृत्या, संपलं. आमच्या बाई मात्र तो पुरवून पुरवून शिकवायच्या. चंचुपात्रात बर्फाचा चुरा, त्यात तापमापी, खाली मंद ज्योत. ढवळत राहायचं आणि दर मिनिटाला तापमान वहीत टिपायचं. पारा शून्यावर येऊन जो ठाण मांडायचा, तो हलायचं नाव नाही. मागच्या बाकावरचे तर न बघताच शून्य लिहीत सुटायचे. शेवटची कपची वितळली की मग कुठे पारा चढू लागायचा. “ज्योत तर चालूच होती, मग उष्णता गेली कुठे?” एवढं विचारून बाई पुढच्या टेबलाकडे वळायच्या.

‘अप्रकट उष्मा’ हे उत्तर पुस्तकात होतंच. १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ ज्यूल लागतात, तर १०० अंशांच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २२६० च्या आसपास. बाईंचा भर या तफावतीवर असे. वितळताना रेणूंची एकमेकांवरची पकड नुसती सैल होते. वाफ होताना ती जवळजवळ सुटतेच.

रेणू मात्र फुटत नाही. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं, या प्रश्नाला ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ म्हणणारे प्रत्येक वर्गात निघायचे. १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. त्यातले सगळे रेणू फोडून अणू सुटे करायचे तर ९०० हून अधिक. बुडबुड्यात पाणीच असतं, वायुरूपात.

हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाण्याला १०० अंशांपर्यंत रोखून धरतात ते हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे असलेली ओढ. रेणूंमधली ओढ वायूच्या समीकरणात आणणारे व्हान डर वाल्स १८७३ साली प्रबंध लिहिला तेव्हा शाळेत शिकवत होते. नोबेल मिळालं १९१० साली. बाई हे अशा काही ऐटीत सांगायच्या, जणू ते आमच्याच शिक्षकखोलीत बसत!

एकदा त्यांनी चंबूत पाणी उकळलं, ज्योत बाजूला केली, बूच घट्ट लावलं आणि चंबू उलटा करून त्यावर गार पाणी ओतलं. आतलं पाणी पुन्हा उकळू लागलं. गारव्याने आतली वाफ निवून तिचं पाणी झालं, दाब घटला, म्हणून उत्कलनबिंदूही खाली आला.

माझं पोट आज याच गोष्टीवर चालतं. आमच्या कारखान्यात उष्णतेने बिघडणाऱ्या औषधातला द्रावक दाब कमी करूनच उडवतात. नव्याने रुजू झालेल्या मुलांना मी बुडबुड्याचा प्रश्न आवर्जून विचारतो. पदवीधरांपैकीही काही जण अजून हायड्रोजनच म्हणतात.