ग्रहण, विळी आणि पाचव्या महिन्याची सोनोग्राफी

माझ्या धाकट्या बहिणीची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी जालन्यात झाली, तेव्हा तिला १९ वे वर्ष चालू होते. बाळाच्या पोटाची भिंत बेंबीच्या उजव्या बाजूला पुरती तयार झालेली नाही आणि त्या फटीतून आतडी बाहेर आली आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले आणि रिपोर्टवर ‘गॅस्ट्रोस्कायसिस’ असे लिहून दिले. त्याचे कारण मात्र आमच्या घरात त्याच संध्याकाळी सापडले होते: ग्रहणात तिने विळीवर भेंडी चिरली होती. तिच्या सासूबाईंनी ते बोलून दाखवले, आमच्या आईनेही त्यांना दुजोरा दिला, आणि बहीण रात्री ताटावरून तशीच उठली.

चार दिवसांनी मी तिला छत्रपती संभाजीनगरला बालशल्यचिकित्सकांकडे नेले. त्या बाईंनी कोऱ्या कागदावर दोन पोटे काढून दाखवली. एकात आतडी उघडी होती, त्यांच्यावर कसलेच आवरण नव्हते. ते आमचे बाळ. दुसऱ्यात बेंबीतूनच आलेली आतडी पातळ पिशवीत होती. त्याला ऑम्फॅलोसील म्हणतात, आणि त्यात हृदयाचे किंवा गुणसूत्रांचे दोष सोबत असण्याची शक्यता बरीच अधिक असते. गर्भाची आतडी सुरुवातीला काही आठवडे नाळेत उतरतात आणि साधारण १२ व्या आठवड्यापर्यंत पोटात परततात, म्हणून त्याआधीच्या सोनोग्राफीवरून घाईने निष्कर्ष काढायचा नसतो, हेही तेव्हाच कळले.

‘आमच्याच घरी का?’ या प्रश्नाला त्यांनी आकड्याने उत्तर दिले. हा दोष साधारणपणे दर दोन ते चार हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो, आणि बहुतेक वेळा घराण्यात आधी कोणालाही तो नसतो. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे त्यांनी बहिणीकडे पाहून दोनदा सांगितले. मग त्यांनी वय, वजन, तंबाखू आणि मिश्री यांची चौकशी केली. नेमके एक कारण कोणालाच दाखवता येत नाही, पण विशीच्या आतील मातांमध्ये हा दोष इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळतो आणि धूम्रपानानेही धोका वाढतो, असे त्या म्हणाल्या. बहीण मान खाली घालून बसली होती. खरे तर ती मी घालायला हवी होती. अठरा पूर्ण होताच तिचे लग्न उरकण्याचा आग्रह माझा होता, आणि स्थळही मीच आणले होते.

पुढचे काम बहुतेक हेलपाट्यांचे होते, ते इथे लांबवत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करायचा रिवाज आम्ही मोडला, कारण जन्मल्यापासून पहिले काही तास उघड्या आतड्यांतून पाणी आणि ऊब झपाट्याने जाते. श्रीमंत देशांत अशी शंभरातली नव्वदहून अधिक बाळे वाचतात. आपल्याकडे पुष्कळशी आधी निदान न झाल्याने किंवा वाटेतच दगावतात. केवळ या दोषासाठी सिझेरियन लागत नाही, हे ऐकून आईला हायसे वाटले.

३७ व्या आठवड्यात मुलगा झाला. आतडी ताबडतोब निर्जंतुक प्लास्टिकच्या पिशवीत घेतली गेली. मी काचेतून पाहिले तेव्हा पेटीत तो उताणा होता आणि पोटावर पारदर्शक पिशवी वर बांधलेली होती. रोज थोडी दाबून आतडी आत सरकवत पाचव्या दिवशी पोट शिवण्यात आले. खरी परीक्षा त्यानंतर होती, कारण आतडी काम करेपर्यंत सारे पोषण शिरेतून द्यावे लागते. नळीतून निघणारे हिरवे पाणी कमी झाले का, एवढाच आमचा रोजचा प्रश्न असे. सोळाव्या दिवशी त्याला आईचे दूध दिले गेले, तेही दोन मिली.

बारशाला सासूबाई आल्या. त्यांनी झबले वर करून बराच वेळ निरखले आणि विचारले, “याला बेंबी कुठंय गं?”

“आहे की आत्या,” बहीण म्हणाली, “जरा वाकडी आहे.”