पाहुण्यांना हनोई दाखवताना माझीच शाळा

कॉलेजच्या दोघी मैत्रिणी मागच्या आठवड्यात हनोईला येऊन गेल्या. इथे इंग्रजी शिकवायला येऊन मला तीन वर्षं होत आली, त्यामुळे उतरल्या उतरल्या दोघींनी जाहीर केलं की गाईड-बिईड काही नको, तू आहेस ना. मीपण तोऱ्यात हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला या शहरातलं नीट काय माहितीये, तर घर ते क्लास हा रस्ता. आणि माझं व्हिएतनामी म्हणजे वर्गातलं व्हिएतनामी, गप्प बसा, वह्या काढा, शेवटचं सांगतेय. एवढ्या भांडवलावर निघाले शहर दाखवायला.

लँग्वेज सेंटरच्या नोकरीत शनिवार-रविवारीच जास्त तास असतात, म्हणून फिरायला शुक्रवार ठरवला. सकाळी सकाळी दोघींना उठवलं, खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला वगैरे सूचना दिल्या आणि हो ची मिन्हच्या समाधीपाशी नेऊन उभं केलं. तर बंद! सोमवारी आणि शुक्रवारी बंदच असते म्हणे. इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहितीये, मला सोडून.

मग म्हटलं चला, वान मिएउ जवळच आहे, चालत जाऊ. आता चालत जायचं म्हणजे रस्ता ओलांडायचा आणि हनोईत रस्ता ओलांडणं हे प्रेक्षणीय स्थळच आहे. समोरून स्कूटरींचा लोंढा येतोय, तो थांबणार नाही, आपणही थांबायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही, एका लयीत हळूहळू चालत राहायचं, लोंढा आपला आपण बाजूने निघून जातो. मधेच दचकून मागे फिरलात की संपलं. मी नकळत दोघींचे हात धरले, तशी एक म्हणते, "बाई, रांगेत येऊ का?"

वान मिएउ म्हणजे साहित्याचं मंदिर, 1070 मधलं. 1 लाख डाँगच्या नोटेवर तिथलाच एक मंडप छापलाय, ती नोट हातात धरून मंडपासमोर फोटो काढणं झालंच. पण मला आवडतात ती दगडी कासवं. एकूण 82, प्रत्येकाच्या पाठीवर एक उभा शिलालेख, त्यावर 1442 ते 1779 या काळात राजाच्या परीक्षा पास झालेल्यांची नावं. पूर्वी पोरं परीक्षेच्या आधी येऊन कासवाच्या डोक्यावरून हात फिरवायची, डोकी झिजायला लागली म्हणून आता कठडा घातलाय. (परीक्षेला बसणारं पोर कुठलंही असो, अभ्यास सोडून बाकी सगळं करायला तयार असतं.)

हे मी रंगवून सांगत होते आणि भाव मारायला कासवाला व्हिएतनामी शब्दही म्हणून दाखवला. झुआ. लिहितात र ने पण हनोईकर झ म्हणतात, हेही ऐकवलं. तेवढ्यात मागून आवाज, "को ओय!" म्हणजे अहो बाई. माझ्या शनिवारच्या वर्गातला दहा वर्षांचा कार्टा, शाळेच्या सहलीबरोबर आलेला. त्याने आधी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला आणि मग अगदी माझ्याच सुरात म्हणाला, नो टीचर, रिपीट. कासवाच्या झुआचा सूर खाली उतरतो, मी म्हटला त्याचा सूर खाली जाऊन वळला होता, आणि तसल्या झुआचा अर्थ होतो शाप देणं. म्हणजे मी मैत्रिणींना 82 शाप दाखवत होते! या भाषेत सहा सूर आहेत, नुसता 'मा' घेतला तरी सुराप्रमाणे भूत, गाल, थडगं, भाताचं रोप, काहीही होतं. तीन वेळा म्हणून घेतलं पठ्ठ्याने, तेव्हा सोडलं. दोघी हसून हसून खाली बसायच्या बाकी होत्या.

संध्याकाळी लाँग बिएन पुलावर गेलो. फ्रेंचांनी बांधलेला, 1902 चा, पुढे अमेरिकन बॉम्बनी तुटला आणि परत जोडला. मधून रेल्वे, दोन्ही बाजूंनी स्कूटरी आणि कडेला चालायला सिमेंटच्या लाद्या, त्यांच्या फटींतून खाली लाल नदी दिसते. मी इतिहास सुरू करणार तेवढ्यात दुसरी म्हणाली, अगं, इथे सगळे डावीकडून चाललेत! बघते तर खरंच. अख्ख्या देशात उजवीकडून गाड्या आणि या पुलावर डावीकडून. मी इथून किती वेळा गेले असेन, कधी लक्षातच आलं नव्हतं. मग गाडी आली, पूल थरथरायला लागला आणि आमच्या बाईंनीच पाहुण्यांचा हात गच्च धरला.

शनिवारी मी क्लासला आणि त्या दोघी होआन किएम तळ्याकाठी, वीकेंडला तिथे गाड्या बंद असतात. मी वर्गात पाऊल टाकलं तर फळ्यावर भलंमोठं कासव काढलेलं, आणि सोळाच्या सोळा पोरं एका सुरात, "झुआ, टीचर, झुआ!"