टनाला तीन गोळ्या, सात दिवस : आमची वाटचाल

सोलापूरच्या मार्केट यार्डात आम्हाला आजही ‘गॅसवाले’ म्हणूनच हाक मारतात. वाळवी, ढेकूण, झुरळं ही कामंही आम्ही करतो. पण फर्म उभी राहिली ती धान्याच्या थप्पीच्या फ्युमिगेशनवर, म्हणजे कव्हरखाली विषारी गॅस सोडून किडे मारण्यावर, आणि बुडायला आली तीही त्याच्यावरच.

सुरुवात दोघांनी केली. मी बी.कॉम., त्यामुळे धावपळ आणि वसुली माझ्याकडे. भागीदार बी.एस्सी. केमिस्ट्री, म्हणून लायसन त्याच्या डिग्रीवर. कायदा 1968 चा, नियम 1971 चे. पेस्ट कंट्रोलच्या लायसनसाठी शेतीची किंवा केमिस्ट्रीसह विज्ञानाची पदवी असलेला, मान्य संस्थेत 15 दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो. गॅससाठी फरिदाबादच्या केंद्रीय वनस्पती संरक्षण खात्याची परवानगी वेगळी. भांडवल म्हणजे दोन गॅसप्रूफ कव्हरं, दोन मास्क आणि पंचवीस-तीस ‘साप’. कव्हरची कड जमिनीला दाबून ठेवायला वाळू भरलेल्या लांब पिशव्या लागतात, त्यांना आम्ही साप म्हणतो. यंत्रमागाच्या कारखान्यातून जाड कापड आणून आईनं ते घरी शिवले होते. दोन सापांची टोकं वीतभर एकमेकांवर चढली पाहिजेत. तिथं फट राहिली की गॅस रात्रीतून निघून जातो.

पहिलं मोठं काम आप्पांचं, तुरीचं गोडाऊन. हमाल बाहेर ओट्यावर झोपायचे. मी म्हटलं, सात रात्री इथं कुणी झोपायचं नाही. आप्पा उखडले. “काय बोलायलास बे? मी लहान होतो तवापासून झोपतेत ती माणसं तिथं.” मी गोळ्यांचा डबा सील न फोडता टेम्पोत ठेवला आणि घरी आलो. संध्याकाळी त्यांचा निरोप आला : हमालांची सोय दुसरीकडं केलीय, ये. त्या दिवसापासून आप्पांनी दुसऱ्या कुणाला गोडाऊनची किल्ली दिली नाही.

या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फीन हा विषारी गॅस सुटतो, आणि फॉस्फीनवर उतारा नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं फवारणीचं औषध अंगात गेलं तर डॉक्टरांच्या हातात अॅट्रोपीनचा उतारा तरी असतो. इथं तोही नाही. म्हणून मी भांडत होतो.

मग शहरातच एक जण अर्ध्या दरात कामं घेऊ लागला. टनाला तीनऐवजी एक गोळी, गॅसप्रूफ कव्हरऐवजी साधी ताडपत्री, आणि तिसऱ्या दिवशी उघडून मोकळा. वरवर फिरणारे किडे मरतात, व्यापारी खूश होतो. दाण्याच्या आतली अंडी आणि कोष मात्र जगतात. वाईट म्हणजे अर्धवट मात्रेतून वाचलेल्या किड्यांची पिढी गॅसला दाद देत नाही. अशा दोन हंगामांनंतर एक डाळ मिल आमच्याकडं आली. आम्ही पूर्ण मात्रा टाकली, सात दिवस ठेवलं, आणि उघडल्यावर खालच्या थरात जिवंत किडे. पदरचे पैसे घालून परत गॅस दिला, या वेळी दिवस वाढवून. किडे मेले, पण तोवर माल नाकारला गेला होता. मालक म्हणाले, तुमच्या गोळ्या डुप्लिकेट. बिल अडवलं. यार्डभर तेच पसरलं. त्यांचा माल ज्यानं दोन वर्षं बिघडवला, त्याला कुणी एक शब्द विचारला नाही.

त्यानंतर ऐन गड्ड्याच्या जत्रेत, तुरीची आवक सुरू होताना, माझा भागीदार त्याच माणसाकडं गेला. त्याच्याबरोबर डिग्री गेली, म्हणजे आमचं लायसनच गेलं. तोंडावर हंगाम, टेम्पोचे हप्ते चालू. कितीतरी जणांनी सुचवलं, गोळ्या मिळवून देतो, गुपचूप कर. मी टेम्पो विकला.

आमची ही बी.एस्सी. केमिस्ट्री. लग्नानंतर ट्रंकेत ठेवलेलं सर्टिफिकेट तिनं बाहेर काढलं आणि चार वर्षांच्या पोराला आईकडं सोपवून हैदराबादच्या राजेंद्रनगरला 15 दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली. पुढं कागद हलायला महिने लागले. तेवढे दिवस मी आप्पांच्या पेढीवर दिवाणजी होतो. वर्षाच्या कामाचे पैसे त्यांनी आगाऊ दिले आणि लायसन येईपर्यंत तूर उन्हात घालून, चाळून सांभाळली. अर्ध्या दरवाला दोनदा येऊन गेला, त्याला चहा पाजून परत पाठवला.

नंतरची वर्षं नीट गेली. रजिस्टर, साठा आणि माणसं ही बघते. कामावर घेण्याआधी आणि नंतर दर तीन महिन्यांनी डॉक्टरी तपासणी, फवारणीवाल्या पोरांची कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी (फवारणीचं विष अंगात गेलं तर रक्तातलं हे द्रव्य कमी होतं). पोरं सुईला कुरकुरतात. 2017 साली यवतमाळला कापसावर फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त माणसं गेली, ते तिनं त्यांना बसवून सांगितलं. तेव्हापासून कुणी तपासणी चुकवत नाही.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांनी दाढी करून यावं. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. तळहातानं कॅनिस्टरचं, म्हणजे मास्कच्या गॅस गाळणाऱ्या डब्याचं, तोंड झाकून श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटला नाही तर आत जायचं नाही. आणि घरोघरी सांगतो, कणगीत या गोळ्या टाकू नका. 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्यांवर 2001 पासून बंदी आहे, सुट्या गोळ्या कुणी देत असेल तर त्याच्या दुकानाची पायरी चढू नका. पेस्ट कंट्रोलवाला दारात आला की आधी लायसन मागा, त्यावरची तारीख वाचा.

आप्पा आता नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाच्या गोडाऊनचं कव्हर काढलं. गाडी दाराला लागलेली, हमाल उभे. ही गॅस मोजायची डिटेक्टर ट्यूब घेऊन आत गेली आणि मास्क न काढताच बाहेर येऊन म्हणाली, गॅस अजून 0.3 पीपीएमच्या मर्यादेच्या वर आहे, दारं उघडी राहू द्या. मुलगा घड्याळ बघत होता. मग त्यानं ड्रायव्हरला हाक मारून गाडी मागं घ्यायला सांगितलं आणि हमालांना चहाला पाठवलं.

डाळ मिलचं ते बिल अजून माझ्या फायलीत आहे. वसूल झालेलं नाही.