किट कार मेळावा: दुरुस्तीचा शनिवार आणि घाटातला रविवार

इंग्लंडमध्ये स्वतः जुळवलेल्या मोटारी बाळगणाऱ्यांचे बरेच क्लब आहेत. त्यांतील बहुतेकांचे वर्ष दरमहा पबमध्ये होणारी बैठक आणि उन्हाळ्यातल्या काही सहली यांवर चालते. आमच्या क्लबचा मे महिन्याचा मेळावा यंदा डर्बीशायरमध्ये, हार्टिंग्टन गावाजवळच्या एका शेतावर भरला. शनिवारी गोठ्याशेजारच्या मोठ्या शेडमध्ये सामुदायिक दुरुस्ती आणि रविवारी पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या घाटांतून फेरी, असा बेत होता. कॉव्हेंट्री परिसरात वाहन उद्योगात नोकरी करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांतील काहींनी अशा गाडीबद्दल माझ्याकडे चौकशीही केली आहे. म्हणून पुढच्या वर्षी येऊ इच्छिणाऱ्यांच्या उपयोगी पडेल अशा तपशिलाने हा वृत्तांत लिहीत आहे.

किट कार म्हणजे कंपनीकडून सांगाडा, पत्रे आणि सुटे भाग विकत घेऊन घरच्या गॅरेजात उभी केलेली गाडी. हा प्रकार ब्रिटनमध्ये रुजला त्यामागे छंदाइतकाच कराचाही हात आहे. तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांच्या संचावर लागत नसे, त्यामुळे १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही दोन माणसांची, जवळजवळ उघडी गाडी बेताच्या पगारातल्या तरुणांच्या आवाक्यात आली. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनच्या उत्पादनाचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि गाडीचा तोंडवळा मात्र आजतागायत तसाच राहिला. आमच्या क्लबमध्ये केटरहॅम आहेत, वेस्टफील्ड आहेत, आणि भंगारात निघालेल्या फोर्ड सिएराचे इंजिन, गिअरबॉक्स व मागचा डिफरन्शियल (इंजिनाची शक्ती मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) घेऊन उभ्या केलेल्या गाड्याही आहेत. आमची गाडी या शेवटच्या जातकुळीतली असून पहिल्या मालकाने ती कशी जुळवली याची वही गाडीबरोबरच आमच्याकडे आली आहे. जुनी किट कार घेताना अशी वही मागून घ्यावीच, कारण कोणता भाग कोणत्या गाडीचा हे तिच्याशिवाय कळत नाही आणि दुकानदार सर्वांत आधी तेच विचारतो.

कॉव्हेंट्रीहून आम्ही मोटरवे टाळून ए-४४४ ने नन-ईटनमार्गे बर्टनपर्यंत आणि पुढे सडबरीला ए-५१५ धरून ॲशबोर्नमार्गे वर गेलो. मोटरवेवर ही गाडी चालत नाही असे नाही, पण ट्रकच्या चाकाचा मधला नट डोळ्यांसमोर फिरत असताना तासभर बसणे कोणाला आवडेल असे मला वाटत नाही. ॲशबोर्न सोडले की दगडी कुंपणांचा मुलूख लागतो आणि वाराही बोचरा होतो. मे महिना असला तरी त्या उंचीवर रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा तंबूत राहणाऱ्यांनी उन्हाळी स्लीपिंग बॅगवर विसंबून राहू नये. तंबू नको असेल त्यांच्यासाठी गावातच हार्टिंग्टन हॉल या सतराव्या शतकातल्या वाड्यात यूथ हॉस्टेल आहे. तिथल्या खोल्या लवकर भरतात आणि बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, जोडून येणारे शनिवार-रविवार तर टाळलेलेच बरे.

दुरुस्तीच्या दिवसाचा एक अलिखित नियम आधीच समजून घेतलेला चांगला: पाना गाडीच्या मालकाच्याच हातात असतो. बाकीचे दाखवतात, दिवा धरतात, जड भाग उचलतात, प्रसंगी टोमणेही मारतात, पण नट फिरवणार तो मालकच. ‘गाडी सोडून जातो, संध्याकाळी घ्यायला येतो’ ही आपल्याकडच्या गॅरेजची सवय तिथे चालत नाही. कोणी मजुरी घेत नाही, सुट्या भागांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, आणि चहाच्या टेबलावर एअर ॲम्ब्युलन्ससाठी ठेवलेल्या डब्यात आपल्याला वाटेल ते टाकायचे. इंग्लंडमध्ये ही सेवा मुख्यतः देणग्यांवर चालते आणि डोंगराळ भागात गाड्या हाकणाऱ्यांना तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

सकाळचा सर्वाधिक वेळ गेला तो एका जुन्या सेव्हनच्या दोन वेबर कार्ब्युरेटरांवर. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग; या जातीच्या प्रत्येकाला दोन तोंडे असतात. या गाडीचे बॉनेट बिजागरीवर उघडत नाही, चिमट्या सोडून अख्खे उचलून घ्यावे लागते. ते गवतावर टॉवेल पसरून ठेवले की इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे होते. मालकाची तक्रार अशी, की उभ्या गाडीचे इंजिन लंगडते आणि हळू वेगात ॲक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज येतो. डर्बीच्या विमान-इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले एक सभासद अशा कामात सर्वांचे गुरू मानले जातात. त्यांनी कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी दोन तास इतर गोष्टी तपासायला लावल्या: प्लग, पॉइंटमधले अंतर, टायमिंग, आणि कार्ब्युरेटर जिथे मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांना, बसतो त्या सांध्यातून हवा शिरते का. कार्ब्युरेटरला दोष देणे सर्वांत सोपे असते, म्हणून त्याची पाळी सर्वांत शेवटी, असे त्यांचे म्हणणे.

त्यानंतर हवामापक, म्हणजे कार्ब्युरेटर किती हवा ओढतो ते काट्याने दाखवणारे उपकरण, निघाला. चारही तोंडांवर तो आळीपाळीने टेकवला तेव्हा पुढच्या कार्ब्युरेटरमधून काटा साडेचारवर आणि मागच्यातून सहावर जाताना दिसला; म्हणजे एकच इंजिन दोन वेगवेगळ्या मापांनी श्वास घेत होते. दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या दांडीवर एक बारीक स्क्रू असतो. मालकाने तो पाव-पाव फेरा फिरवत दोन्हीकडचा काटा पाचच्या आसपास आणला, मग एकेका तोंडाचा मिश्रणाचा स्क्रू इंजिनाचा वेग किंचित पडेपर्यंत आत, आणि पुन्हा तो सर्वांत चढेल तिथपर्यंत बाहेर घेतला. चौथ्या स्क्रूनंतर इंजिनाचा आवाज बदलला तो शेडच्या दुसऱ्या टोकाला ब्रेकची हवा काढणाऱ्यांनाही कळला, कारण त्यांनी तिथूनच टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या गाडीला असे कार्ब्युरेटर आहेत त्यांनी हवामापक स्वतः विकत घेण्याची घाई करू नये. क्लबकडे तो असतो, तसेच हब पुलर (चाकाचा मधला भाग ओढून काढायचे हत्यार) आणि इंजिन उचलायची घोडीही असते, आणि महिनाभर आधी सांगून ठेवले तर घरी नेण्यासाठीही मिळते.

याच गाडीत दुसरी गोष्ट सापडली ती अधिक गंभीर होती. पेट्रोलचा रबरी पाइप वाकवून पाहिला तेव्हा त्याच्या अंगावर बारीक चिरा दिसल्या. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधले साधे पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले झाले आहे आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही. ई-२० पेट्रोलच्या चर्चेमुळे भारतातल्या वाचकांना हा विषय नवा नाही. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पाइप इथेनॉल सोसणाऱ्या आर-९ प्रतीचे घालावेत, आणि पंपावर सुपर प्रतीचे, म्हणजे ई-५ पेट्रोल भरावे. चार पौंड वाचवण्यासाठी एक्झॉस्टच्या वर वीतभर अंतरावरून जाणाऱ्या पाइपाशी जुगार खेळण्यात अर्थ नाही.

आमच्या गाडीच्या मागच्या बाजूने खड्ड्यात खडखड येई. चारही चाके स्टँडवर घेऊन (नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कोणी डोके घातले तर तिथे लगेच ओरडा बसतो) एकाने मागचे चाक हलवायचे आणि दुसऱ्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक एकेका सांध्यावर टेकवून मूठ कानाशी धरायची, असा शोध जेवणापर्यंत चालला. शेवटी डिफरन्शियल सांगाड्याला धरून ठेवणारा एक बोल्ट अर्धा फेरा सैल निघाला. सुधारायला वीस मिनिटेही लागली नाहीत: बोल्ट काढून पुसला, लॉकिंगचे द्रव लावले, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने, आवळला आणि बोल्टच्या डोक्यावरून सांगाड्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. पुढे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांच्या कामावर मालकाखेरीज दुसऱ्या एका माणसाने पाना लावून पाहिल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढायची नाही, हाही तिथला दंडक आहे आणि तो मला फार पटतो.

दुपारी चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून गाड्यांचा तोल पाहण्यात आला. साडेपाचशे किलोंच्या आसपासच्या गाडीत ऐंशी किलोंचा मनुष्य उजवीकडे बसला की तिचा तोल पार बदलतो, म्हणून मालकाला आत बसवूनच मापे घ्यावी लागतात. पाना मालकाच्या हाती हा नियम मोडण्याची तेवढी एकच वेळ: तो राजासारखा बसून राहतो आणि बाकीचे स्प्रिंगखालची चकती फिरवत असतात. कर्णरेषेतल्या दोन चाकांवरची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी आली की काम झाले.

खाण्याचे सांगायचे तर, सकाळी बेकन रोल आणि संध्याकाळी कोळशावर भाजलेले मांस असा तिथला रिवाज आहे. शाकाहारी लोकांसाठी चीज-कांद्याची पेस्ट्री मिळते, पण तेवढ्यावर दोन दिवस निघणे कठीण, म्हणून आम्ही बटाट्याची भाजी भरलेल्या पोळ्या आणि लसणाचा चिवडा नेला होता. चिवड्याचा डबा कार्ब्युरेटरवाल्यांकडून परत आला तो रिकामा. रात्री शेकोटीभोवती गप्पा रंगल्या तेव्हा भारतात किट कार असतात का, हा प्रश्न आलाच. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीवर, इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन घालून रोडस्टर बनवल्याचे मी सांगितले तेव्हा दोघांनी लगेच फोनवर तिचे फोटो शोधून काढले. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्यासाठी आयव्हीए ही एक-गाडी-चाचणी पार करावी लागते, आणि बाहेरच्या कडांची गोलाई निदान अडीच मिलिमीटर हवी इथपर्यंत तिचे नियम बारीक आहेत. भारतात २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गाडीच्या मूळ रचनेत बदल करणेच अवघड झाले आहे; परत जाताना ही गाडी बरोबर नेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याने तो आत्ताच सोडलेला बरा.

रविवारची फेरी हार्टिंग्टन, लाँगनॉर, बक्स्टन आणि तिथून ए-५३७ ने कॅट अँड फिडलच्या माथ्यापर्यंत होती. गाड्या चार-चारच्या गटांनी, मध्ये काही मिनिटांचे अंतर ठेवून सोडतात, म्हणजे गावांतले अरुंद रस्ते तुंबत नाहीत. रस्ता चुकू नये म्हणून पद्धत साधी आहे: वळणावर पोहोचलेल्या गाडीने मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचे, तिने आपले वळण पाहिले की पुढे निघायचे. कॅट अँड फिडल हे सुमारे ५१५ मीटर उंचीवरचे एके काळचे पब. २०१५ साली ते बंद झाले आणि आता तिथे व्हिस्की गाळली जाते. घाट देखणा आहे, पण संपूर्ण पट्ट्यात ताशी ५० मैलांची मर्यादा असून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, त्यामुळे वेगाची हौस तिथे भागवू पाहणाऱ्याच्या घरी पत्र येतेच. मला स्वतःला परतीची छोटी वाट अधिक आवडली, मोन्सल हेडची. रेल्वेचा १८६३ चा कमानदार पूल खाली दरीत दिसतो आणि आता त्यावरून पायी, सायकलवर किंवा घोड्यावर जाता येते. मॅटलॉक बाथ मात्र रविवारी मोटारसायकलवाल्यांनी भरून जाते. गाडी लावायला जागा शोधण्यात तास घालवायचा नसेल तर ते वगळावे.

या फेरीला येणाऱ्यांनी अर्ध्या चड्डीत येऊ नये. ज्या गाड्यांचा सायलेन्सर बाजूने जातो त्यांच्यात उतरताना पोटरी भाजून घेण्याची परंपराच आहे आणि क्लबातले अर्धे लोक तो डाग मोठ्या अभिमानाने दाखवतात. कानटोपी, डोळ्यांवर बंद चष्मा आणि कानात बोळे हवेत. ऊन जाणवत नसले तरी चेहऱ्याला क्रीम लावावे, कारण वाऱ्यामुळे भाजल्याचे लक्षात येत नाही. शेतांच्या वाटेवर गुरे अडवणाऱ्या लोखंडी जाळ्या लागतात. इंजिनाचा तेलाचा कढईसारखा भाग जमिनीपासून जेमतेम चार बोटे असतो, म्हणून त्यांवरून पहिल्या गिअरमध्ये जावे. रस्त्यावर मदतीला येणाऱ्या कंपनीला फोन करताना गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रकच हवा असे स्पष्ट सांगावे. विम्यात गाडीची किंमत आधी ठरवून घेतलेली असावी आणि क्लबचे सभासदत्व कळवावे, त्यामुळे हप्ता बहुधा कमी होतो.

परतताना बक्स्टन किंवा ॲशबोर्नला टाकी भरून घ्यावी, कारण मधल्या गावांत पंप क्वचितच आहेत. आणि शनिवारी चाके काढली असतील तर पन्नासेक मैल झाल्यावर कुठेतरी थांबून नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावेत. ॲल्युमिनियमच्या चाकांवर ते पहिल्या काही मैलांत किंचित सैल पडतात.