सापळ्यात नोटांपेक्षा मागणी महत्त्वाची: लाचलुचपत विभागाकडे तक्रार केल्याचा अनुभव

करवीर तालुक्यातल्या आमच्या जमिनीला वारसनोंद लावायची होती. नोटिशीची 15 दिवसांची मुदत संपली, हरकत एकही नाही, तरी फेरफार मंजूर होईना. मग तलाठ्याच्या हाताखालचा खासगी माणूस म्हणाला, "सायबांचं काहीतरी बघा की."

"बघा की" एवढ्यावर केस उभी राहत नाही. किती आणि कशासाठी, हे समोरच्याच्याच तोंडून यावं लागतं. मी फक्त "किती?" विचारलं. उत्तर आलं, 8 हजार. आपण होऊन आकडा सुचवायचा नाही, नाहीतर आपणच लाच देऊ केली असा बचाव उभा राहतो.

पैसे देण्याआधीच लाचलुचपत विभागाच्या 1064 या टोल फ्री नंबरवर फोन केला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजानं दिली असेल तर 7 दिवसांच्या आत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. आधीच कळवलेलं कधीही बरं.

लेखी तक्रार दिली की लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी. व्हॉइस रेकॉर्डर आणि एक सरकारी पंच सोबत देऊन पुन्हा बोलायला पाठवतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. खासगी माणसाचा आवाज मिळाला, पण साहेबांचा नाही, तर साहेब "मला काही माहीतच नाही" म्हणून मोकळे होतात. म्हणून मी थेट टेबलापाशी जाऊन विचारलं, "त्यांच्याकडं द्यायचे का?" तडजोडीअंती 5 हजार ठरले आणि "त्याच्याकडं द्या" हे वाक्य रेकॉर्ड झालं.

सापळ्याच्या दिवशी नोटा आपल्याच. दोन पंचांसमोर त्यांचे नंबर पंचनाम्यात उतरवतात, त्यांना अँथ्रासीन पावडर लावतात आणि त्या तुमच्या खिशात ठेवल्या जातात. तिथून पुढं खिशाला हात लावायचा नाही, कुणाशी हस्तांदोलन करायचं नाही. पावडर डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागली की अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. तुमच्या हातून ती समोरच्याच्या हाताला आधीच लागली, तर पुरावा तिथंच पातळ होतो. पुन्हा मागणी झाल्याशिवाय नोटा काढायच्या नाहीत. घाईनं हातात कोंबल्या, की "जबरदस्तीनं दिल्या" म्हणायला जागा मिळते. त्यानं घेतल्या की ठरलेली खूण करायची. माझी खूण रुमालानं कपाळ पुसायची होती.

पुढं जबाब, आवाजाचे नमुने, खटला चालवायची सरकारी मंजुरी, मग आरोपपत्र. याला वेळ लागतो. सापळ्यातली रक्कम विभागाकडून परत मिळते, तिचा अर्ज विसरू नका. अडलेल्या कायदेशीर कामाचा पाठपुरावाही विभाग करतो. आमची नोंद दुसऱ्या अधिकाऱ्यानं मंजूर केली. तक्रारीची प्रत मात्र जपून ठेवलीय. साक्षीला उभं राहताना मागणीचे नेमके शब्द तेच यावे लागतात.